शहराचं बेअरिंग

पेणकरपाडा, मीरा रोड
रविवार, सकाळ

तीर्थस्वरूप दत्ताराम भावोजींच्या पायांना हात लावून गुणवंतचा नमस्कार. तुमचा गुडघा आणि तुमची पिठाची गिरणी, दोन्ही चालतायत ना? (आक्का फोनवर म्हणाली, दोन्ही करकरतात.)

आमच्या क्षितिजाच्या त्या परागबद्दल तुम्ही विचारलं होतंत, मुलगा करतो काय? हेच मला सहा महिने कळेना. संगीतकार आहे म्हणे, पण गात नाही, वाजवतही नाही. लॅपटॉपसमोर बसून आवाज पसरवतो. (अगरबत्तीसारखा, असं क्षितिजानं समजावलं.) शेवटी ठरलं की गुरुवारी रेडिओवर त्याची मुलाखत आहे, ती ऐकायची आणि मी लग्नाला हो किंवा नाही काय ते सांगून टाकायचं. मोटर वाइंडिंगचं काम बाजूला सारून, दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही बापलेक बसलो.

परागबरोबर ईश्वर नावाचा जोडीदार होता. तो म्हणे रचनेतली शांतता सांभाळतो. (हिच्यासमोर मी तीस वर्षं तेच करतोय, मला कोणी रेडिओवर बोलावलं नाही.) निवेदिका मृणालिनीताईंनी त्याला नव्या कामामागची भूमिका विचारली. तो इतका वेळ गप्प, की मी सेल तपासले. मग पराग म्हणाला, हा शहराचा एकटेपणा आहे, मला रोज पहाटे ऐकू येतो. आणि रचना लावली. हूंऽऽ, हूंऽऽ, खर्र. चार मिनिटं! क्षितिजाचे डोळे मिटले आणि माझे उघडले. भावोजी, तो परागच्या सोसायटीचा पाण्याचा पंप होता. मीच बसवलेला!

श्रोत्यांसाठी नंबर दिला होता, तो लावला आणि म्हटलं, "अहो, बेअरिंग गेलंय!" तिकडे क्षणभर सगळेच ईश्वर झाले. मग मृणालिनीताई गहिवरून म्हणाल्या, "वा काका! शहराचं बेअरिंग गेलंय. किती खोल!" म्हटलं, "खोल कसलं बाई, तळमजल्यावरच आहे. उद्या जाम होईल, पाणी भरून ठेवा." त्यावर ईश्वर पहिल्यांदा बोलला, "हा आपल्या सगळ्यांना इशारा आहे."

"बाबा, मोडलंत ना माझं लग्न?" एवढंच बोलून क्षितिजा घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पराग दुकानात हजर, कानामागे साबणाचा फेस. "काका, एकटेपणा बंद पडला." मी जाऊन बेअरिंग बदललं, पंप लोण्यासारखा फिरायला लागला. सोसायटी खूष, हा मात्र पायरीवर तोंड पाडून. म्हणाला, "काका, गेल्या महिन्यात ते खर्र पाचव्या हूंनंतर यायचं, या आठवड्यात दुसऱ्यालाच येत होतं." भावोजी, हे माझ्या हाताखालच्या कारागिरांनाही कधी कळलं नाही. पोराला कान आहेत! मी तिथंच, पाना हातात असतानाच, हो म्हटलं.

आक्काला सांगा, तिची भाची पुन्हा माझ्याशी बोलतेय.

आपला,
गुणवंत

ता.क. सुपारी फोडायला आम्ही सगळे तुमच्याकडे गावी येतोय. पराग आणि ईश्वर रेकॉर्डर घेऊन येतील. तेव्हा कृपा करून तोपर्यंत गिरणीला तेल घालू नका.

ता.ता.क. गुडघ्यालाही लावू नका. मी त्यांना दोन्हींबद्दल सांगून बसलोय.