पिकायला ठेवलेलं पाणी

रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय ताई,

ठोंब्याचा नमस्कार. आम्ही इथे ठीक आहोत, तूही खुशाल असशील. तुझा फोन नुसता वाजत राहतो, म्हणून शेवटी कागद काढला. माझं अक्षर बघून तू पूर्वी डोक्याला हात लावायचीस, तसा आताही लाव, पण शेवटपर्यंत वाच. काम एकच आहे. तू इथे ये आणि बाबांना आईच्या खोलीतून बाहेर काढ.

हसू नकोस. सुरुवातीपासून सांगतो.

बाबांनी जन्मभर लोकांच्या गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या बांधल्या. यंदा एकदम म्हणाले, "एवढं पाणी साठवलं, पण आत काय चालतं ते एकदाही बघितलं नाही. आरपार दिसेल अशी एक टाकी करू, मासे सोडू." मला वाटलं, टेबलावर मावेल अशी काहीतरी असेल. त्यांनी बैठक आणि आईची खोली यांच्यामधली भिंतच पाडली, त्या खोलीच्या एकुलत्या एका दारासकट. तिच्या जागी टाकी! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, माझ्या डोक्याहून उंच, दोन्ही बाजूंना तीन बोटं जाड काच, आणि वर छताखाली वीतभर फट. तुझ्या भावजयीने विचारलं, "मासे किती येतील हो यात?" बाबा म्हणाले, "मावतील तेवढे."

काम मात्र झकास झालं. काच आतल्या अंगाने बसवायची, म्हणजे पाणीच तिला चौकटीवर दाबून धरतं, हे मला बाबांनी शिकवलं. सांध्यांत सिलिकॉन भरलं, त्याच्या आंबूस वासाने सगळ्या घराचं डोकं उठलं. मापं दहादा घेतली. पाइप कुठून आणायचा, पाणी सोडून द्यायचा नळ कुठल्या बाजूला, सगळं ठरवलं. पाणी भरताना कोण कुठल्या बाजूला उभं राहणार, एवढंच कोणी ठरवलं नाही. बाबा पलीकडून सांधे तपासत होते, मी अलीकडून पाणी सोडलं. टाकी भरली, थेंबही गळेना. मी आनंदाने टाळ्या पिटतोय आणि काचेपलीकडून बाबाही टाळ्या पिटतायत. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या गवंड्याने स्वतःलाच आत चिणून घेतलं होतं.

खिडकीला गज आहेत. नळ त्यांच्या बाजूला आहे. "नळ सोडा आणि बाहेर या," म्हटलं तर खिडकीशी येऊन म्हणाले, "घाई काय आहे? पाणी पिकू दे." नव्या पाण्यात मासे लगेच सोडत नाहीत म्हणे. आधी रिकाम्या पाण्यालाच रोज चिमूटभर खाणं घालायचं. ते तळाशी कुजतं आणि मग पाण्यात मासे जगवायची ताकद येते. बाबा स्टुलावर चढून फटीतून रोज चिमूट टाकतात. त्या खोलीला न्हाणीघर लागून आहे म्हणून निभावतंय. आम्ही खिडकीतून दोन डबे देतो.

गज कापायला वेल्डर आणला, तर बाबांनी गोड बोलून त्याला वाटेला लावलं. एकच धोशा, "ताई आल्याशिवाय मी बाहेर येणार नाही." आई गेली ते तुला उशिरा कळवलं, तो राग तुझ्या मनात आहे, आणि तो खोटा नाही. पण म्हातारा हट्टाला पेटलाय आणि तुझ्याशिवाय कोणाच्या बापाचं ऐकत नाही. तू ये.

गुरुवार, १८ सप्टेंबर

पत्र पाकिटात घातलं होतं, परत बाहेर काढलं. दोन डबे कशाला, हे लिहायचं मी टाळलं.

खिडकीतून बघितलं की खोलीत बाबा एकटे दिसतात. बैठकीतून, पाण्यातून बघितलं की दोघं दिसतात. पहिल्यांदा वाटलं, हिचं प्रतिबिंब असेल. पण ही स्वयंपाकघरात भांडी घासत होती, मला आवाज येत होता. पलीकडे खाटेच्या कडेला बसून कोणीतरी केस विंचरत होतं, मान डावीकडे कलती करून. तशी मान एकटी आई करायची. मला भीती नाही वाटली गं, रडूच कोसळलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी दुसरा डबा मागितला. तो रिकामा येतो. मिरच्या तेवढ्या निवडून झाकणात ठेवलेल्या असतात.

पाण्यात टाकलेलं खाणंही कुजत नाही. तळ धुतल्यासारखा लख्ख आहे. मी हौसेने मासे घेऊन आलो तर बाबा म्हणाले, "परत देऊन ये. आता जागा नाही."

गज मला केव्हाच कापता आले असते. मीच रेंगाळलो. घरी आलो की काचेसमोर खुर्ची टाकून बसायची मलाही चटक लागली. आई दिसते, आणखी काय हवं?

आता आजचं सांगतो. सकाळी डबे घेऊन गेलो तर बाबा आधीच खिडकीशी उभे. चेहरा इतका खुललेला की मलाही बरं वाटलं. म्हणाले, "उद्यापासून तीन डबे आण. आणि ते पत्रबित्र पाठवू नकोस आता. ताई आली."

मी म्हटलं, "आली कुठून? दारच नाहीये."

"मग तुझी आई कुठून आली?"

मी धावत बैठकीत आलो. पाणी अगदी नितळ होतं. आईच्या शेजारी कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. केस मानेपर्यंत कापलेले. तुझे केस कमरेपर्यंत आहेत, ताई. मी शेवटचं पाहिलं तेव्हा तरी होते. मी काचेवर टकटक केलं. ती वळायला लागली आणि मी डोळे गच्च मिटले. भिंत चाचपडत बाहेर आलो. ही म्हणते, "एकदा नीट बघा, म्हणजे संशय तरी फिटेल." मी बघणार नाही. मी बघितलं आणि ती तूच निघालीस तर मी काय करू?

वर 'खुशाल असशील' लिहिलंय ते सवयीने लिहिलं. आता खरंच विचारतोय. तू खुशाल आहेस ना? इथे येऊ नकोस. गज मीच कापतो, बाबांना खांद्यावर टाकून बाहेर आणतो, शिव्या घालू देत. तू फक्त दोन ओळी स्वतःच्या हाताने लिही, आणि केस कापले नाहीस एवढं त्यात लिही. आईच्या वेळी तुला उशिरा कळवलं. त्याचा सूड माझ्यावर उगवू नकोस.

तिसरा डबा मी काढून ठेवलाय. तुझं पत्र येईपर्यंत तो भरणार नाही.

दारात उभा असलेला,
तुझा ठोंब्या