शेटजींची टाकी

५ जानेवारी

आले एकदाची! शिवणयंत्र, दोन ट्रंका आणि इतकी वर्षं एकटीनेच राहिलेली मी. एवढं सगळं जिन्याने वर चढवताना हमाल म्हणाला की बाई, ट्रंकेत दगड भरलेत का? मी म्हटलं, नाही, कात्र्या आणि आठवणी. तो हसला नाही, पण मी हसले.

वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी कुणाला तरी 'हे' म्हणायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. लिहितानाही गंमत वाटते. ह्यांचं चष्म्याचं दुकान खाली, घर वर. तीन खोल्या, उजेड भरपूर. मधल्या खोलीत खिडकीशी माझं यंत्र मांडून झालंसुद्धा.

मुलगी आठ वर्षांची. तिला सगळे मुंगी म्हणतात, कारण साखरेचा डबा कितीही उंच ठेवा, ही पोचतेच. तिने मला मावशी म्हणायचं असं ठरलंय. अजून तरी तिने काहीच म्हटलेलं नाही. दाराआडून एक डोळा तेवढा दिसतो. सावत्र या शब्दालाच कुसळ असतं, तिचा काय दोष?

घरात चौथं माणूसही आहे. न्हाणीघरात, निळ्या टबात, तळहाताएवढं कासव. नाव शेटजी! गादीवर बसल्यासारखं दिवसभर ढिम्म.

७ जानेवारी

शेटजींची तब्येत बरी नाही. पाठ मऊ पडलीय, कडांना पांढुरकी झालीय. टबात जेमतेम बोटभर पाणी, तेही हे सकाळ-संध्याकाळ ओतून टाकतात. न्हाणीघरात ऊन येत नाही. बिचाऱ्याने पोहायचं कुठे आणि अंग शेकायचं कुठे?

मी म्हटलं, एक चांगली टाकी आणू या. हे हळूच म्हणाले की या घरात पाणी साठवत नाहीत. तेव्हा लक्षात आलं, बादल्या पालथ्या असतात, माठ नाही, पिंप नाही. लागेल तेव्हा नळ सोडायचा.

कारण मला ठाऊक होतं, लग्नाआधीच त्यांनी सांगितलं होतं. मुंगीची आई गावाच्या पाणीपुरवठ्यात कामाला होती, पाण्याचे नमुने तपासायची. दोन वर्षांमागे मोठ्या तलावावरच्या लोखंडी पुलावरून तिचा पाय घसरला. गावाला पाणी त्याच तलावाचं. नळ सोडताना ह्यांना काय वाटत असेल, कुणास ठाऊक.

पण मुंगी दारामागून बाहेर आली होती. तिने विचारलं की टाकीत शेटजी खरंच पोहतील का. माझ्याशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य! ह्यांनी ते ऐकलं आणि मान डोलावली.

११ जानेवारी

आम्ही दोघी माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार जाड भिंगांचा चष्मेवाला, ह्यांचंच गिऱ्हाईक. त्याने आम्हाला शाळेतच बसवलं म्हणा ना. कासव वाढतं, म्हणून टाकी आजच्या मापाची घ्यायची नाही. पाणी पोहण्याइतकं खोल हवं, पण वर काठ सोडायचा, नाहीतर शेटजी फिरायला निघतील. एका बाजूला कोरडा ओटा आणि त्यावर चढायला उतार. ओट्यावर उबेचा दिवा, शिवाय उन्हासारखा प्रकाश देणारी वेगळी नळी, तिच्याविना पाठ कडक होत नाही. बारीक खडे घालायचे नाहीत, गिळतं. फिल्टर चांगला घेतला तर पाणी रोज बदलायला नको. आणि नळाचं पाणी भरल्यावर दिवसभर तसंच ठेवायचं, म्हणजे त्यातलं औषध उडून जातं.

मुंगीने सगळं ऐकलं आणि उताराची फळी स्वतः निवडली. परत येताना तिने माझ्या पिशवीचा एक बंद धरला होता. पिशवी हलकीच होती. मी मात्र जड असल्यासारखं दाखवलं.

१३ जानेवारी

मधल्या खोलीत टाकी बसली. टाकीखालची लोखंडी घोडी सपाट आहे की नाही ते बघायला मुंगीने तिच्यावर गोटी ठेवली. गोटी हलली नाही. ओटा, दिवा, नळी, फिल्टर, हीटर, सगळं जागच्या जागी. मग नळाला पाईप जोडून पाणी भरलं. पाणी चढू लागलं तसे हे खाली दुकानात गेले, ते जेवायलाच वर आले.

१५ जानेवारी

आज शेटजी पाण्यात उतरले! आधी मान आत, मग एक पाय बाहेर, मग दुसरा. आणि मग जे सुटले, जणू आयुष्यभर पोहायचंच राहून गेलं होतं. मुंगी टाळ्या पिटत होती. मध्येच तिने माझं बोट धरलं आणि धरल्याचं विसरून गेली. मी हललेच नाही. मुंग्या आल्या हाताला, मुंगीमुळेच! या घरात आल्याचं सार्थक झालं.

२० जानेवारी

शेटजी पाण्यात जात नाहीत. ओट्यावर अगदी भिंतीला चिकटून बसतात, दिवा बंद केला तरी. आज मी त्यांना उचलून पाण्यात सोडलं तर धडपडत वर आले आणि डोकं-पाय सगळं आत ओढून घेतलं.

माशांच्या दुकानदाराने सांगितलं की पाणी गार झालं असेल. हीटर ठीक आहे. मी हात घालून पाहिला. सगळीकडे कोमट, फक्त मधोमध एक जागा गार. हात पुढे नेला तर ती जागा सरकली.

फिल्टरचा प्रवाह असेल.

२४ जानेवारी

दुपारी यंत्रावर पडदे शिवत होते. मागून मुंगीचा आवाज आला, "आई."

यंत्र थांबलं. माझं काळीज कसं उसळलं ते इथे लिहिता येणार नाही. मावशीसुद्धा नाही, एकदम आई! ओ देतच मी वळले.

ती माझ्याकडे पाहत नव्हती. टाकीपुढे स्टुलावर उभी, हात कोपरापर्यंत पाण्यात. मी कुणाला हाक मारलीस विचारलं, तर ती म्हणाली की तुला नाही मावशी, तू शिव.

२७ जानेवारी

मुंगीची बोटं सुरकुतलेलीच राहतात. पुसली, शेकली, तेल चोळलं, तरी तशीच. शाळेतल्या बाईंचा फोन होता, म्हणाल्या की तिच्या वहीची पानं भिजलेली असतात. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा. तिचं अंग गार लागतं. साखरेचा डबा खाली ठेवलाय, तरी ती फिरकत नाही.

आज ह्यांना विचारलं. चष्मा पुसत त्यांनी सांगितलं. आई गेल्यावर मुंगी भरलेल्या बादलीत हात घालून बसायची, तासन्‌तास. कुणीतरी हात धरतं म्हणायची. ह्यांना वाटलं, लेकराचं दुःख आहे, आणखी काय. बादल्या पालथ्या घातल्या तशी ती शांत झाली. वाहत्या पाण्यात काही नसायचं. थांबलेल्या पाण्यातच.

आणि मी घरात टाकीभर पाणी थांबवलं. हौसेने.

३० जानेवारी

पाहिलं. भर दुपारी, लख्ख उजेडात.

मुंगीचा हात पाण्यात होता. तिच्या तळव्याखाली आणखी एक हात. बाईचा. नखं बारीक कापलेली, अंगठ्यावर पाणी तपासायच्या औषधाचा तपकिरी डाग. ओढत नव्हता. मुंगीचा तळवा उलटा करून एकेक बोट कुरवाळत होता, जसं आपण झोपलेल्या मुलाचं—

तो ओढत असता तर मी एवढी भ्याले नसते.

सवतीला पाण्यात पाहतात, असं म्हणतात. मी खरोखरच पाहिली. आणि राग नाही आला. रडू आलं.

१ फेब्रुवारी

टाकी रिकामी केली. शेटजी पुन्हा टबात. मुंगी रडली नाही, भांडली नाही, फक्त पाईपमधून पाणी जाताना पाहत राहिली. ते जास्त वाईट.

जेवत नाही. दुपारी पेल्यात बोट बुडवून बसली होती. पेला काढून घेतला.

संध्याकाळी तोंड धुवायच्या बेसिनचं भोक फडक्याने बंद करून तिने पाणी भरलं होतं. चेहरा आत, कानापर्यंत. केस धरून ओढून काढली. श्वास नव्हता. ह्यांनी पाठीवर थापट्या मारल्या, मी तिच्या तोंडाला तोंड— मग खोकली. डोळे उघडले आणि हसली. म्हणाली, "आई जवळच होती गं मावशी. तू मला का काढलंस?"



३ फेब्रुवारी

हे मुंगीला घेऊन वन्संकडे गेले. त्यांच्या गावाला विहिरीचं पाणी आहे, इथलं नाही. शेटजींचा टबही बरोबर दिलाय. मी सामान बांधून दोन दिवसांत येते म्हटलं. घर सोडायचंच, ठरलं.

निघताना मुंगीने वळून पाहिलं. माझ्याकडे की नळाकडे, कळलं नाही.

४ फेब्रुवारी

वन्संचा फोन. मुंगी दूध प्यायली. बोटं सुकली. बादलीत हात घालून पाहिला आणि आत्याला म्हणाली की इथल्या पाण्यात कुणीच नाही. मग खूप रडली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच असं रडली म्हणे. वन्संच्या कुशीत झोपली.

सुटली माझी पोर.

इथे मात्र— चहाचं आधण ठेवलं तर पातेल्याच्या आतून बोटं वाजली. विसळायच्या पाण्यात, पेल्यात, सगळीकडे. पटापट, घाबऱ्याघाबऱ्या. गर्दीत मूल हरवल्यावर बाई चाचपडते तसं.

५ फेब्रुवारी

ट्रंका बांधल्या. दुपारी गाडी आहे.

पण तिला निरोप न देता जायचं? तिचं लेकरू नेलं आम्ही. कुणीतरी सांगायला हवं ना की ते सुखरूप आहे. तेवढं सांगून निघेन.

टाकीत पाणी भरतेय.

५ फेब्रुवारी, दुपार

डावा हात पाण्यात आहे. उजव्याने लिहितेय. वही काठावर.

ती आली. मी म्हटलं, ताई, मी. मुंगी बरी आहे. दूध प्यायली. बोटं सुकली. तिने माझा तळवा चाचपला, बोटं मोजली. मोठी बोटं. तिला कळलं, लेकीची नाहीत. तरी सोडला नाही. रडणाऱ्या बाईचा हात कसा हिसडायचा?

काचेला कान लावला की तिचं बोलणं ऐकू येतं. शेजारच्या खोलीतून यावं तसं.

गाडी गेली असेल.

—

विचारतेय कुठे नेलं. कुठल्या गावी. पुन्हा पुन्हा.

नाही सांगणार. ताई, जीव गेला तरी नाही.

पकड घट्ट. हात कोपराच्या वर आत गेलाय. बधिर. आतल्या खोलीत फोन वाजतोय, हेच असतील. पोचत नाही—

—

गाव सोडून बाकी सगळं सांगितलं. गोटी. फळी. माझं बोट धरलं ते. शाळेतलं गाणं. संपलं. माझ्याकडे एका महिन्याचीच मुंगी आहे, आणखी कुठून आणू?

गप्प झाले की ओढते. खांद्यापर्यंत—

—

मी तिलाच विचारलं. जन्मली तेव्हा कशी होती? दात कधी आला?

ओढायची थांबली.

सांगतेय. हळू, हसत सांगतेय. वादळात जन्मली म्हणे. मूठ उघडायचीच नाही. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. कुणी सांगणारच नव्हतं.

फोन पुन्हा—

आता पहिला शब्द. मुंगी पहिला शब्द कोणता बोलली ते सांगतेय. काचेतून नीट ऐकू येत नाही. पाण्याला कान लावायला हवा. वाकू नये, कळतंय मला, सगळं कळतंय, पण तेवढा एक शब्द, थोडंसंच खाली वाकले तर