सहाव्या ओळीतली रिकामी जागा

तीर्थरूप ताईस,

ब्रश खाली ठेवून धाकट्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (कोपऱ्यातला निळा डाग माझ्या अंगठ्याचा आहे, शाई सांडली असं समजू नये.) दाजींचा गुडघा जिना चढताना दुखतो की उतरताना, ते तू लिहिलं नव्हतंस, दोन्ही दुखणी वेगळी. इकडे सगळे ठीक. फक्त माझं डोकं तापलंय, आणि तेही त्या हायस्कूलपायी.

हायस्कूलच्या व्हरांड्यात शाळेच्या इतिहासाचा फलक लागतोय. सहा फूट बाय चार, पांढऱ्यावर निळी अक्षरं, ओळी बारा. काम अर्थात माझ्याकडे. मजकूर सेक्रेटरींचा. पहिल्याच ओळीत ‘भव्य वास्तूत शुभारंभ’! भव्य वास्तू म्हणजे अध्यक्षांच्या वडिलांच्या लाकडाच्या वखारीमागचं गोदाम. करवत सुरू झाली की मास्तर गप्प, थांबली की वाक्य अर्ध्यावरून पुढे. चौथ्या ओळीत ‘घंटेचा मंजुळ नाद’. घंटा कसली, दात गेलेलं करवतीचं पातं टांगलं होतं आणि त्यावर बिजागरी बडवायचे! तरी मी रंगवलं. गिऱ्हाईकाचा मजकूर, आपल्या बापाचं काय जातं? पण सहावी ओळ वाचली आणि ब्रश टर्पेंटाइनऐवजी चहात बुडवला. ‘तपासणीच्या दिवशी विद्यमान अध्यक्षांनी अचूक उत्तर देऊन शाळेस मान्यता मिळवून दिली.’

तुला आठवत असेलच, तरी क्रमाने लिहितो, कारण हल्ली लोक सोयीने आठवतात. मान्यतेला आठवीत तीस मुलं हवी होती; होती तेवीस. म्हणून हेडमास्तरांनी तपासणीपुरती सात उसनी आणली, त्यात आपण दोघं. तू सातवी पास होऊन घरी बसलेली, मी चौथीतला, पण अंगाने थोराड. मी पुढच्या बाकावर, अनवाणी पाय दप्तरामागे लपवलेले. तू माझ्या मागे. साहेबांनी तोंडी गणित घातलं. तेवीसच्या तेवीस छताकडे बघत होते. त्यांतलेच एक, आपले विद्यमान अध्यक्ष, ‘पाणी पिऊन येतो’ म्हणून गेले ते साहेबांची जीप गेल्यावरच उगवले. उत्तर दिलं मी. साहेबांनी पाठ थोपटली आणि मान्यता मिळाली. दुसऱ्या दिवशी तू नवी वही घेऊन गेलीस, तर हेडमास्तर दारातच म्हणाले, “काम झालं गं पोरी, आता घरी जा.” ती वही पुढे माझ्याकडे आली. दुकानांच्या पाट्या बघून बघून मी अक्षरं गिरवली ती तिच्यातच.

हे सगळं सेक्रेटरींना मुद्देसूद सांगितलं. ते म्हणाले, “पेंटर, तुम्ही अक्षरं बघा, इतिहास आम्ही बघतो.” मी म्हटलं, मग सहावी ओळ तुम्हीच रंगवा. अध्यक्षांचं नाव माझ्या ब्रशातून उतरणार नाही, ती जागा मी कोरी सोडलीय! त्यावर ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “बरं, उत्तर तुम्ही दिलंत ना? मग गणित काय होतं ते सांगा. पटलं तर अध्यक्षांना मी समजावतो.” मी म्हटलं, आत्ता हात रंगाचे आहेत, उद्या सांगतो. त्याला तीन दिवस झाले. रविवारी अनावरण.

दाजींना नमस्कार. गुडघ्याचं नीट कळव.

अक्षराला अक्षर घासू न देणारा,
तुझा धाकटा भाऊ

ता. क. : पत्राचं कारण राहिलंच. गणित काय होतं? माझ्या पाठीत बोट खुपसून “साडेसतरा म्हण” असं तू म्हणालीस आणि मी म्हटलं, एवढंच मला माहीत आहे. उलटटपाली कळव.

आणखी एक ता. क. : पत्र पुन्हा वाचलं. ‘उत्तर दिलं मी’ हे खोडणार होतो, पण खाडाखोड मला सहन होत नाही. सहाव्या ओळीतली जागा पट्टीने मोजली. माझं नाव एका अक्षराने बाहेर जातं. तुझं माहेरचं बरोबर बसतं. पेन्सिलीने आखून ठेवलंय. गणित लवकर पाठव, रंग वाळायला दोन दिवस लागतात.