माझे मत वगळून उरलेली मिळकत

मी, जमुनाबाई पुनाराम कापगते, वय सहासष्ट, राहणार केशोरी, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया, धंदा आधी समुपदेशन व आता विश्रांती, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास सुनेला विचारावे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. या घरात दबाव टाकणारी एकच व्यक्ती आहे आणि ती मीच.

कलम १. इटियाडोह धरणाच्या कालव्याखालची धानाची बांधी माझा मुलगा राहुल यास द्यावी. माझे दीर उदारामभाऊजी दरवर्षी धुरा, म्हणजे शेताचा बांध, थोडा थोडा माझ्या बांधीत सरकवत आले आहेत. त्यांनी आजवर सरकवलेला भाग त्यांनाच बक्षीस द्यावा, म्हणजे तो चोरीचा राहणार नाही आणि त्यांची मजा जाईल. मी बायकांचे समुपदेशन केले म्हणून चौकात ते मला घरफोडी बाई म्हणतात, हेही येथे नमूद करते.

कलम २. माझा माठ. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. महिला समुपदेशन केंद्रात लागले तेव्हा प्रशिक्षक भूपेंद्र सरांनी बजावले की समुपदेशनात उपदेश करायचा नाही. शब्दातच उपदेश घालून ठेवायचा आणि वर तो करू द्यायचा नाही, हा कोणता न्याय? मला तर रस्त्याने जाणाऱ्याचीही चप्पल सरळ करावीशी वाटते. शेवटी मी तोड काढली. मत ओठांवर आले की उठायचे, केंद्राच्या वऱ्हांड्यात ठेवलेल्या माझ्या माठाकडे जायचे आणि पेलाभर पाण्यासोबत ते गिळायचे. इतके पाणी पिते म्हणजे मला शुगर झाली, असे गावभर पसरले आणि लग्नाच्या पंगतीत कोणी मला बुंदी वाढेना.

चिचगडच्या सुशिलाबाई नवऱ्याला सोडावे की नाही, या विचारात केंद्रात येत. एक दिवस म्हणाल्या, ठरलं, राहते त्याच्याजवळच. कसे ठरले, विचारले. तर म्हणतात, "सोडतो म्हनलं का तुमी पान्याले जाता. रायतो म्हनलं का बसून रायता. मंग मी समजली."

मी हादरलेच. तोंड न उघडता मी एका बाईचा संसार घशाने ठरवला होता. आणि एकट्या त्यांनाच नव्हे, बाकावर बसणाऱ्या सगळ्यांनाच माझे मत ठाऊक होते. ते माझ्या पोटात आहे असे फक्त मला वाटत होते. सुशिलाबाईंना मी पुन्हा पहिल्यापासून बोलायला बसवले. माठ केंद्रालाच द्यावा. पाणी आलेल्या बायांनी प्यावे.

कलम ३. बँकेत जे असेल ते माझी नात आचल हिला शिक्षणासाठी. तिने पुढे काय शिकावे, याबद्दल मला बरेच सांगायचे आहे, पण तेव्हा मी नसेन, त्यामुळे गप्प बसणे मला जमेल.

कलम ४. केशोरीचे कवेलूचे, म्हणजे कौलारू, घर. राहुल नागपूरला वेगळा राहतो, घटस्फोटाचे प्रकरण कोर्टात चालू आहे. सून नीतू आचलसह माझ्याजवळ आहे. तिचे माहेर उरलेले नाही. पहिल्या खर्ड्यात मी लिहिले होते: घर नीतूला, मात्र तिने राहुलशी पुन्हा नांदावे. केंद्रातली माझी सहकारी रुख्मा साक्षीदार म्हणून सही करायला आली. तिने वाचले आणि पेन खाली ठेवला. "बाई, थे नांदली नाई त पोरीले घेऊन कुठी जाईल?"

मी म्हणाले, म्हणूनच तर अट घातली आहे. ती सही न करता, चहाही न घेता उठली. चहा सोडून गेलेली रुख्मा मी पहिल्यांदाच पाहिली. दोन दिवस मी तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि मग अट खोडली.

नवा कागद नीतूला वाचून दाखवला. तिने ऐकून घेतला आणि सरळ विचारले, "आई, मी परत नांदावं असं तुमाले वाटते का?"

"वाटते. लय वाटते. पन घर तुझंच हाय, नांदली तरी आन नाई नांदली तरी."

"मी नाई नांदत, आई."

मला फार वाईट वाटले. कलम तसेच ठेवावे.

सही: जमुनाबाई पुनाराम कापगते

आमच्यासमक्ष वाचून सही केली:
१. रुख्मा हातझाडे, सहकारी
२. दुर्गाप्रसाद लंजे, शेजारी

ठिकाण: केशोरी
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२४