बायकांच्या बाजूचं दार

६ जाने.
रिक्षा बाजारपेठेतून आली. श्रीकमल टॉकीजच्या जागेला आता चारी बाजूंनी पत्रे. मागची भिंत तेवढी उभी होती, तीही गेली. तिच्यामागे कुणाची तरी लिंबाची झाडं आहेत हे इतक्या वर्षांत आज कळलं. क्षणभर वाटलं, चुकीच्या चौकात आले. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, हितं लय पिक्चर बघितलं असतील न्हवं?" म्हटलं, "हो."

९ जाने.
वाचनालयाचे जाधवसर घरी. टॉकीजच्या आठवणींचं प्रदर्शन करायचंय म्हणे. ज्यानं त्यानं एक कागद लिहून द्यायचा, ते भिंतीवर लावायचे. गोळा करायचं काम माझ्याकडं. "तुम्ही पोस्टात होता, कराडातलं प्रत्येक दार तुम्हाला माहीत." मी काउंटरला बसायचे, टपाल वाटत नव्हते. पण हो म्हणून बसले.

१५ जाने.
अकरा कागद आले. सगळे गोड. लग्न ठरल्यावरचा पहिला पिक्चर, बाल्कनीत पावसाळ्यात गळणारं छत. एका निवृत्त सुभेदारांनी लिहिलंय, रजेवर आलो की आधी टॉकीज, मग घर. आईला शेवटपर्यंत वाटायचं रेल्वेच लेट येते. खूप हसले.
माझा कागद कोरा. शाळेतल्या मैत्रिणीचं, शालनचं नाव आलं की पेन थांबतं.

१८ जाने.
हौसाबाईंकडं गेले. टॉकीजला बायकांच्या बाजूच्या दारावर तिकिटं बघण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. आता नजर गेलीय, आवाज तसाच खणखणीत. तान्ही पोरं रडायला लागली की त्यांना घेऊन बाहेर पायरीवर बसायच्या. "आयांनी पिक्चर बघितलं, म्या त्यांची पोरं बघितली."
मग आपणहून म्हणाल्या, "एक पोरगी अजून डोळ्यापुढनं जात न्हाई. शाळेच्या कपड्यात हुती. इंटरवलला भाऊ आला. म्हनला, आई आजारी हाय, तिला बोलवा. म्या खरं धरलं. आत जाऊन हाताला धरून आणली. भायेर आल्या आल्या त्यानं थोबाडीत दिली. परत कवा दिसली न्हाई ती." "कोण असंल गं? तुला ठावं हाय?"
"नाही," म्हणाले मी. या वयात खोटं.

१९ जाने.
लिहून टाकते. दहावीत होतो. शालन आणि मी एका बाकावर. गणितात तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. त्या दुपारी ती वर्गातल्या लताबरोबर पिक्चरला गेली, मला विचारलंसुद्धा नाही. चौकात तिचा थोरला भाऊ, दत्तूदादा भेटला. "शाली कुठं हाय गं?" मी सांगितलं. भिऊन नाही. रागानं.
शालनची शाळा त्या दिवसापासून बंद. उन्हाळ्यात लग्न, तासगावला. त्यानंतर मी तिला पाहिलं नाही. घरात यांनाही कधी सांगितलेलं नाही.

२४ जाने.
पुन्हा हौसाबाई. सांगितलं. ती पोरगी शालन, आणि भावाला सांगणारी मी.
त्या म्हणाल्या, "मला वाटत हुतं, म्या दार उघडलं म्हणून झालं." चाचपत माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तिला सांगितलंस? न्हाई? मग मला सांगून काय उपेग?"

२ फेब्रु.
तासगाव. विट्याला गाडी बदलली. पत्ता लताकडून घेतला होता. बेदाण्याच्या शेडवर गेले. जाळ्यांवर द्राक्षं पसरलेली, सात-आठ बायका निवडायला बसलेल्या, आणि त्यांना आवाज देत मधनं फिरणारी शालन. डोक्याला रुमाल. बघत राहिली. "सुमे?"
खुर्ची दिली, बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. ती ऐकताना बेदाण्याचे देठ काढत होती.
"ठावं हाय," म्हणाली. "दादानं त्याच दिवशी सांगितलं. तुझ्या मैत्रिणीनंच नाव सांगितलं म्हनला. मारलं त्यानं, शाळा बंद केली आबांनी. ते मी तुझ्यावर घालत न्हाई."
मला हलकं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "पण लग्नापतूर चार म्हैने घरात बसून हुते मी. तू दोन गल्ल्या सोडून. रोज वाटायचं, आज सुमी येईल. निदान वही घेऊन तरी येईल. का आली न्हाईस गं?"
"लाज वाटत होती."
"मला वाटलं, तुला माझी लाज वाटती."
इतकी वर्षं मी भलत्याच गोष्टीबद्दल स्वतःला दोष देत होते.
निघताना प्रदर्शनाचं सांगितलं. म्हणाली, "लिही. पण सगळं लिही. माझंच नको, तुझं बी."

१० फेब्रु.
लिहिलं. आधी यांना वाचून दाखवलं. ऐकून उठले, चहा करून आणला.
जाधवसरांनी उभ्या उभ्या वाचलं, मग बसून परत वाचलं. "मॅडम, लोक गोड आठवणी वाचायला येणार." थोड्या वेळानं, "नावं तरी गाळू?" म्हटलं, माझं राहू दे, तिचं तिला विचारते.
शालनला फोन. "नुसतं शालन लिही. आडनाव सासरचं हाय, त्यांचा काय संबंध?" हसली. फोनवर आवाज अगदी शाळेतला.

२१ फेब्रु.
उद्या प्रदर्शन. हौसाबाईंचा कागद मी लिहून घेतला, त्यांचं ऐकून, त्यांच्याच शब्दांत. माझा त्याच्याशेजारी लावलाय. सरांनी कोपऱ्यात लावला होता, मी दाराजवळ आणला. कागद लावत असतानाच दत्तूदादाचा नातू बघून गेला म्हणे. घरी काय सांगितलं असेल कोण जाणे.
संध्याकाळी शालनला फोनवर विचारलं, येशील का? "माल पसरलाय गं. बघते." तिच्या 'बघते'चा अर्थ आता मला लागत नाही. पूर्वी लागायचा.
आली नाही तर मंगळवारी मीच तासगावला जाणार आहे. फोन न करता.