ह्यांचे कान आणि ताईंची अँबॅसेडर

४ नोव्हें., मंगळ.
संग्रामपूरच्या विमलताई आल्या, स्वतः गाडी चालवत. सत्तरी ओलांडली आहे. वडिलांनी घेतलेली पांढरी अँबॅसेडर, पेट्रोलची. चढावर दम सोडते, सपाटीवर पेट्रोल पिते. तीस वर्षं ह्यांच्याशिवाय कोणाला बोनट उघडू दिलेलं नाही त्यांनी.
ताईंची धाकटी बहीण बुलढाण्याला, अंथरुणाला खिळलेली. तिला वडिलांच्या गाडीत एकदा बसायचं आहे. पुढच्या शनिवारी न्यायचं ठरलंय. म्हणजे राजूर घाट चढणं आलं.
"भाऊ, घाटात बंद नाई पडली पाह्यजे," एवढंच म्हणाल्या. हे म्हणाले, नाई पडत. गाडी आमच्याकडे ठेवून ताई एस.टी.नं परत.

६ नोव्हें., गुरु.
डिस्ट्रिब्युटरमध्ये नवे पॉईंट टाकले. मग टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते, नेहमीसारखं कानानं. इंजिन चालू ठेवून डिस्ट्रिब्युटर हातानं हळूहळू फिरवायचा, आवाज मोकळा झाला की बोल्ट आवळायचा. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी गॅरेजात खुर्ची टाकून भाजी निवडते. हे डोळे मिटतात, मान तिरपी करतात. लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, माणूस पूजेला बसलाय.
चक्कर मारायला मीही गेले. पुलाच्या चढावर इंजिनातून टिकटिकटिक. डब्यात चिंचोके हलवावे तसं. म्हटलं, आवाज येऊन राह्यला.
"कायचा आवाज?"
गाडी वाजतेय आणि हे माझ्या तोंडाकडे पाहतायत.

७ नोव्हें., शुक्र.
पुन्हा लावलं. पुन्हा चढावर तेच. पेट्रोलला शिव्या देऊन झाल्या, रस्त्याला देऊन झाल्या. पण टीव्हीचा आवाज वाढत गेलाय हे काय आज कळलं मला? कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम ह्यांचं होतं. उन्हाळ्यापासून माझ्याकडे आलं. कधी आलं, कसं आलं, आम्ही दोघंही बोललो नाही.

९ नोव्हें., रवि.
बोलून टाकलं. चहा देताना. "तुम्हाले ऐकू येत नाई. बाकी सगळं बरोबर करून राह्यले तुम्ही."
कप ठेवला आणि उठून गेले. दुपारपर्यंत गॅरेजात. मला वाटलं चुकलं आपलं, निदान रविवारी तरी नको होतं बोलायला…
संध्याकाळी स्वतःच तुळशीपाशी येऊन बसले. म्हणाले, वर्ष झालं. बारीक आवाज गेले आधी. पाखरं गेली, मग व्हॉल्व्हचा आवाज. वर्षभर इंजिनावर हात ठेवून काम चालवलं, हाताला थरथर कळते. हा टिकटिक आवाज मात्र हाताला लागत नाही.
"पिस्टन फुटला असता ताईचा. घाटात," म्हणाले. जमिनीकडे बघून.
मी त्यांचा हात हातात घेतला. ग्रीसचा वास. बरं वाटलं.

१० नोव्हें., सोम.
टायमिंगचा दिवा काढला. एका गिऱ्हाइकानं भेट दिलेला, पिस्तुलासारखा, डबा कधी उघडलाच नव्हता. कानवाल्या मिस्त्रीला दिवा कशाला, असं होतं ना. सोबतचा कागद मी वाचून दाखवला, मोठ्यानं. "ओरडू नको," म्हणाले, "मी बहिरा आहो, वर्ग नाई." हसलो दोघं.
कागदाप्रमाणे: कार्बोरेटरकडून डिस्ट्रिब्युटरला येणारी व्हॅक्यूमची बारीक नळी काढायची, तिचं तोंड बंद करायचं, मग दिवा मारायचा. पुलीवरच्या खाचेत मी खडू भरला. खडूवर माझा हक्क. दिव्याच्या उजेडात फिरती पुली जागच्या जागी उभी राहिल्यासारखी दिसते. खडूची खूण खूपच पुढे निघाली. ह्यांनी मागे आणली.
मग ह्यांनी नळी तोंडात धरून ओढली. डिस्ट्रिब्युटरच्या आत पत्रा हलायला हवा, हलला नाही. नळीच्या टोकाला व्हॅक्यूमची डबी असते, तिच्यातला पडदा फाटलेला.
हे एकदम खाली बसले. मला समजावलं: गाडी सपाटीवर हलकी चालते तेव्हा ही नळी ओढते, ठिणगी जरा आधी पडते. चढावर जोर लागला की ओढ कमी, ठिणगी परत जागेवर. डबी मेलेली, म्हणून कानानं लावताना सगळंच टायमिंग पुढे गेलं. सपाटीला बरं, चढाला मार, तीच टिकटिक.
"म्हणजे अर्धी चूक डबीची," मी.
"अर्धी माही," हे. पण चेहरा उजळला होता.

१२ नोव्हें., बुध.
हे पहाटेच्या एस.टी.नं बीबी गावाला. तिथं जुन्या मित्राकडे भंगारात अँबॅसेडर आहे. दिवेलागणीला परतले, रुमालात डबी गुंडाळून, लेकरू आणावं तशी. मला दिली, ओढून पाह्य म्हणाले. ओढली, नळीवर जीभ लावली, जीभ चिकटून राहिली. पडदा शाबूत. मला सोडवता येईना तर हे हसत बसले. रात्रीच डबी गाडीला बसवली.

१५ नोव्हें., शनि.
ताई चालवायला, हे शेजारी, मी मागे. ठरलं होतं: मला टिकटिक ऐकू आली की ह्यांच्या खांद्यावर हात. मोताळ्यापर्यंत हात मांडीवर. घाट लागला. माझे कान, आयुष्यात पहिल्यांदा, कामाला. तिसऱ्या वळणावर बारीक वाजलं. हात ठेवला. ह्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली, बोनट उघडून डिस्ट्रिब्युटरची बारीक चक्री दोन खटके मागे. मग वरपर्यंत एक शब्द नाही गाडीचा.
माथ्यावर ह्यांनी ताईंना सगळं सांगितलं. कान, डबी, चूक. न विचारता. ताई म्हणाल्या, "गाडी तुमच्याकडंच येईन. वहिनीले सोबत घेत जा."
बुलढाण्यात बहिणीला आम्ही दोघांनी धरून पुढच्या सीटवर बसवलं. तिनं डॅशबोर्डवर हात फिरवला आणि म्हणाली, बाबा इथं पानाचा डबा ठेवत. ताईंनी गाडी सुरू केली. आम्ही फाटकाशी उभे राहिलो, दोघी बहिणी तळ्याच्या बाजूनं वळल्या. हे पाहत होते, दिसेनाशी होईपर्यंत.

१७ नोव्हें., सोम.
खामगावच्या कानाच्या डॉक्टरकडे गुरुवारचा नंबर लावला. ह्यांना सांगितलं. नटबोल्टचे पाने पुसत बसले.
पुसता पुसता: "त्या कानाच्या मशीनीतून इंजिन कसं ऐकू येत असंन? खरं, का रेडिओसारखं?"
मला माहीत नाही म्हटलं. डॉक्टरला विचारू.
"डॉक्टरले काय इंजिन समजते," म्हणाले. आणि मग, "कितीची एस.टी. आहे गुरुवारी?"
सकाळी दोन आहेत. म्हटलं, पहिलीनं जाऊ.