खालचा आवाज

ग्राबोवित्सा,
बुधवार, २२ ऑक्टोबर २००३

रोसित्सास,

आधी खुशाली लिहायची असते, म्हणून लिहिते. आम्ही ठीक. तुझ्या भाऊजींचा, कामेनचा, गुडघा थंडीने पुन्हा धरलाय. तरी यंदाची आलुबुखाराची दारू त्याने गाळली आणि चव बघता बघता बरीचशी संपवली. मिरच्या भाजून झाल्या, बरण्या भरल्या. थोरली शेळी विकून टाकली, दूध द्यायची बंद झाली होती. तू कशी आहेस ते विचारत नाही. रविवारी रेडिओवर ऐकलं, आवाज खणखणीत आहे तुझा.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, फर्मानच ते! मृतांच्या शनिवारी तू टीव्हीवाल्यांना घेऊन येणार. आईच्या कबरीपाशी आपण दोघींनी तिचं कापणीचं गाणं म्हणायचं, मागे गावातल्या बायका उभ्या करायच्या. सगळ्यांनी जुने पोशाख घालायचे. कबरींवरची प्लास्टिकची फुलं आदल्या दिवशी उचलून ठेवायची, वाईट दिसतात. आणि ग्युर्गा मावशीने दात बसवून यायचं!

मी हे मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लिहून टाक तिला, दात मी मेलेल्यांसाठी बसवत नाही. ते माझं तोंड ओळखतात."

तेव्हा एक उत्तर झालं.

आता रेडिओबद्दल. मुलाखत आहे हे मला माहीत नव्हतं. मी अंगणात मिरच्यांची शेवटची खेप भाजत होते. पलीकडून मावशी ओरडली, "बोझुरे, तुझी बहीण बोलतेय! लाव, लाव!" म्हणून लावला. तो बाप्या लोण्यासारख्या आवाजात विचारत होता, "रोसित्साताई, संगीतातले तुमचे अविस्मरणीय क्षण सांगाल?" आणि तू सांगायला लागलीस.

पहिला क्षण काय, तर लहानपणी शेतात आईने गाण्याची हाक दिली आणि तू एकटीने तिला साथ केलीस. कापणाऱ्या बायका विळे टाकून बघत राहिल्या म्हणे. रोसे, तू चार वर्षांची होतीस. नासपतीच्या झाडाला बांधलेल्या झोळीत झोपली होतीस, तोंडाला माश्या बसल्या होत्या. खालच्या आवाजाने साथ मी केली. त्या दिवसाआधी आईबरोबर स्टोइचका काकू म्हणायची, तिचा घसा बसला होता. आई वळून मला म्हणाली, "तू धर गं. हलायचं नाही, डगमगायचं नाही. मी वर कुठेही गेले तरी तू जागा सोडायची नाहीस." मी धरलं. पायाखालची जमीन घुमतेय असं वाटलं मला. विळे कुणी टाकले नाहीत, कापणीच्या दिवसांत कोण टाकतं? फक्त ओळ संपल्यावर आईने माझ्या डोक्यावरचा रुमाल नीट केला. एवढंच झालं होतं. तेवढंही तू उचलून नेलंस.

दुसरा क्षण तुझ्या परदेशातल्या मैफिलीचा. लोक उठून उभे राहिले, थांबेचनात. राहिले असतील. तिथे मी नव्हते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. सोफियाच्या गायनमंडळाचा तो टोपीवाला आला होता आणि शाळेच्या पटांगणात आपल्या दोघींचं गाणं ऐकून म्हणाला होता, "वरच्या आवाजाची मुलगी नेतो, खालचे आवाज आमच्याकडे पुष्कळ आहेत," त्याबद्दलही माझं काही म्हणणं नाही. मी तेव्हा रडले का, असं लोक अजून विचारतात. नाही रडले. तुझी बॅग मीच भरून दिली.

पण तिसरा क्षण.

तो बाप्या म्हणाला, "आणि तुमच्या आई?" तू जरा थांबलीस. ते थांबणं मला ठाऊक आहे, गाण्याआधी तू असंच थांबतेस. मग म्हणालीस, "माझी आई शेवटी मुकी झाली. जिच्या आवाजाने डोंगर भरायचा, ती एक शब्द न उच्चारता गेली. तिचं ते मौन मी प्रत्येक मैफिलीत गाते." तू रडलीस. बाप्या रडला. दुकानातली इवांका रडली, असं तिने स्वतःच मला सांगितलं. माझ्या मिरच्या जळून कोळसा झाल्या.

कामेन म्हणतो, "जाऊ दे बोझुरे, रेडिओवर सगळेच असं बोलतात." मीही ठरवलं होतं, जाऊ द्यायचं. पण मग तुझं फर्मान आलं.

म्हणून लिहिते. मधे थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

आई शेळ्यांच्या गोठ्यात पडली, डॉक्टरने सांगितलं की डोक्यात रक्त साकळलंय, वाचा गेली, हे तुला माहीत आहे. तू आलीस, मोठी फुलं आणलीस, तिचा हात धरून बसलीस. आई "ना ना ना" एवढंच म्हणत होती. पाणी हवं तरी ना ना, नको तरी ना ना. तू परत गेलीस. तिथपर्यंत तुझी गोष्ट खरी आहे.

त्यानंतर उन्हाळ्यात मी तिच्या खाटेपाशी बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होते. हात चालू असले की माझा घसा आपोआप सुरू होतो, तुला ठाऊक आहे. खालचा आवाज, नुसता, शब्दांशिवाय. एकटीने धरला की तो बैलाच्या हंबरण्यासारखा वाटतो, कामेन हसतो त्याला. मी धरला होता. आणि वरून आई आली.

शब्दांसकट, रोसे! "कोण गं ती टेकडीवरची, विळा परजते उन्हात" ही सगळी ओळ, एकही अक्षर न गाळता. तोंड वाकडं होतं, पण शब्द सरळ. माझ्या मांडीवरची परात खाली पडली. मी थांबले तशी तीही थांबली, आणि पुन्हा "ना ना ना". मग तिने चांगल्या हाताने माझ्या दंडाला चिमटा काढला. म्हणजे, धर. मी धरलं, ती पुन्हा गायला लागली.

पुढे आम्हाला रीत सापडली. तिला काही बोलायचं असलं की ती माझ्याकडे बघायची. मी खालचा आवाज धरायचे आणि ती गाण्याच्या चालीवर हवं ते म्हणायची. कापणीच्या चालीवर पाणी मागायची. कापणीच्या चालीवर शेळीला शिव्या द्यायची. एकदा कामेन दारूची बाटली कोटात लपवून खोलीतून चालला होता, तर ती भर आवाजात गायली, "जावई माझा लबाड, कोटाखाली काय गं." कामेन तिथेच जमिनीवर बसला. हसत होता की रडत होता, त्याचं त्यालाच कळेना. ग्युर्गा मावशी कुंपणावरून आईबद्दल विचारायची, "पेना आज काय जेवली? ऐकू आलं नाही मला!"

पण मी धरल्याशिवाय तिला येत नसे. मावशीने करून पाहिलं, जमलं नाही; मावशी सुरावरून हलते. म्हणून मी कुठे जात नसे. बाजारहाट कामेन करायचा. मी घराबाहेर गेले की आई मुकी.

तू म्हणशील, मला का नाही सांगितलं? सांगितलं. मी फोन केला होता, तू म्हणालीस, "ताई, मुकी माणसं गात नसतात. तू दमली आहेस, भास होतात. एखादी बाई ठेव मदतीला." मी म्हटलं ठीक आहे, ही सांगून मानणारी नाही, हिला ऐकवूनच दाखवते.

आणि आई तुझं नाव घ्यायला लागली होती. "रोसा कुठे, रोसा कुठे." तिचं सगळ्यात सुंदर गाणं तेच होतं, हे तुला सांगताना माझी दातखीळ बसते, पण होतं.

एका दुपारी कामेनने टेलिफोनची वायर ओढून खाटेपर्यंत आणली. मी आईचे केस विंचरले. तिने रुमाल मागितला, नवा, लग्नाकार्यातला. फोनवर दिसत नाही गं आई, म्हटलं, तरी हवाच. मी नंबर फिरवला. तू उचललास. मी म्हणाले, "रोसे, काही बोलू नकोस, ऐक फक्त," आणि रिसिव्हर आईच्या तोंडाशी धरला, आणि आवाज लावला.

आई गायली. "रोसे गं रोसे, माझ्या बाळा, जेवलीस का, ऊब आहे का घरात."

आणि तू ओरडलीस, "ताई! आधी तो रेडिओ बंद कर! काहीही ऐकू येत नाहीये! आणि नंतर कर फोन, विमानतळावर जायचंय, गाडी खाली उभी आहे!"

आपल्या त्या जुन्या रिसिव्हरचा आवाज खोलीभर घुमायचा. सगळ्यांनी ऐकलं. कामेनने ऐकलं, दारात भांडं घेऊन उभ्या असलेल्या मावशीने ऐकलं. आईनेही ऐकलं.

त्याच मुलाखतीत तू पुढे म्हणालीस ना, हजार आवाजांत मी आईचा आवाज ओळखेन?

मावशी म्हणाली, "ही रेडिओ समजली आपल्या पेनाला!" मी तिला गप्प केलं. आई रडेल असं वाटलं मला. रडली नाही. तिने माझ्याकडे बघितलं, धर म्हणून. मी धरला. आणि ती काय गायली सांगू? "गाडी उभी आहे तिची, खाली गाडी उभी आहे." केवढ्या ऐटीत! माझ्या लेकीसाठी गाडी येते, ती विमानाने जाते, तिला वेळ नाही. मावशीकडे बघून गायली, कामेनकडे बघून गायली. दिवस मावळेपर्यंत तेच. दुसऱ्या दिवशी पोस्टमन आला, तर त्यालाही ऐकवलं. आणि प्रत्येक वेळी खालचा आवाज कुणी धरायचा? मी. तुझ्या त्या गाडीखाली मी आवाज धरून बसले, रोसे, जागा न सोडता. सोडला असता तर ती मुकी झाली असती.

ती गेली त्या सकाळपर्यंत आम्ही गात होतो. शेवटी शब्द गेले, नुसता सूर राहिला होता.

मग तू आलीस, काळ्या कपड्यांत, तुझ्या मंडळातल्या बायका घेऊन. कबरीवर माती पडली आणि तू तेच कापणीचं गाणं सुरू केलंस, आणि मला कोपराने ढोसलंस, "धर ना ताई." मी तोंड उघडलं नाही. गाव अजून म्हणतं की थोरली जळली, धाकटीचं नाव झालं म्हणून. म्हणू दे. दोन दिवसांपूर्वीच त्या आवाजावर मी आईला निरोप दिला होता. तो तुझ्या कार्यक्रमासाठी लगेच परत काढून द्यायचा? स्वयंपाकघरात मी तुला सांगायला लागले होते, "ती गात होती, रोसे." तू माझ्या गालावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "झोप जरा, ताई."

आता शनिवारचं. मी नेहमीसारखी उकडलेले गहू आणि वाइन घेऊन कबरीवर जाईन. मावशी येईल, स्टोइचका काकूची सून येईल. आम्ही काय गायचं, गायचं की नाही, ते आम्ही बघू. तुझे टीव्हीवाले आले तर येऊ देत, कब्रस्तान माझ्या मालकीचं नाही. पण बायकांशी बोलणं झालंय: कॅमेरा दिसला की कुणी तोंड उघडणार नाही. वरचा आवाज तू एकटीने लावायचा आणि तिथे उभं राहून बघायचं कसा लागतो ते.

आणि ती प्लास्टिकची फुलं मी काढणार नाही. तिला आवडायची, पावसात टिकतात म्हणून.

आईला मुकी म्हणणं बंद कर. ज्या रेडिओवर म्हणालीस त्याच रेडिओवर जा आणि सांग, की ती गायली, मला जेवलीस का विचारलं, आणि मी तिला बंद करायला सांगितलं. हे जेव्हा ऐकेन, तेव्हा फाटक उघडेन. गाणार नाही तुझ्याबरोबर, ते संपलं. पण जेवायला वाढेन. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला अजून ठाऊक नाही.

पेनाची थोरली,
बोझुरा